दादाचे हातमोजे

आमच्या दादाच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. तिच्यात समुद्रफूल झुलत असतं. दिसतं फूल, पण आहे प्राणी. हात लागला की डसतो. पाहुण्यांसमोर दादा कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून त्याला ऐटीत खाऊ घालतो. टाकी घासायची मात्र वहिनीने, उघड्या हातांनी.

काल तिची बोटं लालभडक सुजली होती.

"तिला सवय आहे. तापलेलं पातेलंसुद्धा ती हातानेच उतरवते," दादा हसला.

माझं डोकंच फिरलं. म्हणे सवय! बाईने सोसलं की त्याला सवय म्हणून मोकळं व्हायचं. ते समुद्रफूलसुद्धा इतकं सोसत नाही.

मी खुंटीवरचे हातमोजे काढून वहिनीपुढे धरले. तिने हात मागे घेतले.

"नको वन्सं, ओले होतील. ह्यांचे आहेत."