हंसाबाईची कैची

मारेगाव भागात कपाशीनं पाठ फिरवली त्या वर्षांत दोघा-चौघांनी धाडस करून डाळिंब लावलं, आणि जन्मभर कापूस वेचलेली हंसाबाई छाटणीत तरबेज झाली. तिची कैची फांदीला अशी लागायची की साल म्हणून सोलायची नाही. त्या कैचीला हात लावायची तिच्या नवऱ्याचीही छाती नव्हती. बाई जरा तोऱ्यातच असायची, आणि तो तोरा तिला शोभायचा.

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अनंतरावांची बाग छाटून संपवली आणि दुपारी प्रभावतीची हाती घेतली. प्रभावती तिची लहानपणापासूनची मैत्रीण. कपाशी मोडून दोनशे झाडं लावली ती हंसाबाईच्याच भरवशावर.

श्रावणात दोन्ही बागांतल्या फळांवर तेलकट काळे डाग उठले, फळं तडकली. अनंतरावांच्या बांधावर कृषी सहायकानं एक फळ उलटसुलट करून पाहिलं.

"तेल्या आहे. डोळ्यांना न दिसणारा जिवाणू, झाडाच्या जखमेतून आत शिरतो. तुमच्या झाडांत आधीपासूनच असणार, अनंतराव." मग तो शेजारी उभ्या हंसाबाईकडे वळला. "मावशी, इथून दुसऱ्या बागेत जाताना कैची औषधात बुडवता ना?"

"कालव्याच्या पान्यात धुतो ना चांगली!"

"पाण्यानं तो मरत नाही, मावशी."

हंसाबाईचं तोंड उतरलं. औषधाचं तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आठ दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. प्रभावतीचं घर टाळून ती लांबच्या वाटेनं पाण्याला जाऊ लागली. खरं सांगितलं तर जन्माची मैत्री तुटणार, हीच एक भीती. नवव्या दिवशी मात्र ती प्रभावतीच्या बागेत जाऊन उभी राहिली.

"प्रभे, तेल्या मीच आनला तुह्या बागंत. या कैचीनं."

प्रभावती तडकलेली फळं पाटीत भरत होती. तिनं मान वर केली नाही.

"मले माहीत हाय. सायबानं त्याच दिवशी सांगतलं. बागेचं दुःख तं हायेच व. पन आठ दिवस झाले, मी तुही वाट पाहून राह्यली होती."

हंसाबाई मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. प्रभावतीनं तिला रडू दिलं. मग औषधाचा डबा आणला. रोगट फांद्या छाटून जाळायच्या होत्या. हंसाबाई झाडागणिक कैची बुडवत होती, डबा प्रभावती धरत होती.

बाग काही वाचली नाही. पुढच्या उन्हाळ्यात झाडं उपटायलाही प्रभावतीनं हंसाबाईलाच बोलावलं.