हंड्यातले भावजी

ताईचा फोन आला तेव्हा मी कारापूरला पदेराकडे पाव घेत होतो. "हे गेले रे," ती म्हणाली. आणि पाठोपाठ, "घरात ह्यांचो एक धड फोटो नाय." रडावं की हसावं कळेना. पेडण्याच्या बाजारात ज्यांचा जन्मभर फोटो स्टुडिओ, अर्ध्या तालुक्याच्या भिंतींवरचे हार घातलेले आजोबा ज्यांनी टिपले, त्या सदानंद भावजींचा बाराव्याला ठेवायला फोटो नाही.

नवल मात्र नव्हतं. लग्नं आणि पासपोर्ट ही भावजींची पोटापाण्याची कामं. जीव सगळा चकचकीत वस्तूंत. सोनाराचे पैंजण, देवळातली चांदी, पितळी समया. असल्या वस्तूसमोर कॅमेरा धरला की कॅमेरा, मागचा माणूस, खिडकी, पंखा, सगळी वरात तिच्यात येऊन बसते. म्हणून भावजी वस्तूभोवती पांढरी चादर तंबूसारखी बांधत, तिला पाडलेल्या भोकातून फक्त भिंग आत घालत आणि दिवे बाहेरून लावत. स्वतः काळा सदरा घालत. "वस्तूत मी दिसलंय तर मी फोटोग्राफर कसलो?" हे त्यांचं म्हणणं. जवळ कोणी उभं राहिलं की, "कुशीक सर, तू दिसतंस." जावईबापूंना चहा द्यायला गेलेल्या माझ्या आईलाही हेच ऐकावं लागलं होतं.

एकदा डिचोलीकडच्या एका देवळाची चांदीची प्रभावळ टिपायची होती आणि नेहमीची चादर धुवायला गेलेली. भावजींनी ताईची गुलाबांची चादर उलटी करून बांधली. उलटी केली म्हणून गुलाब जातात थोडेच? दिव्यांच्या उजेडात ते आरपार दिसले आणि प्रभावळीवर जाऊन फुलले. फोटो बघून देवळाचे एक वयस्क महाजन गहिवरले. आपल्या पूर्वजांनी एवढी बारीक नक्षी केली आणि आपल्याला इतकी वर्षं दिसली नाही, म्हणाले. पुढे कितीतरी दिवस ते महाजन भिंग घेऊन प्रभावळीवर गुलाब शोधत होते म्हणे.

तर फोटो. आम्ही घर पालथं घातलं. त्यांच्याच लग्नातल्या प्रत्येक फोटोत भावजी हात वर करून दुसऱ्या फोटोग्राफरला दिवा सरकवायला सांगताहेत आणि तोंडावर नेमका तो हात. आधार कार्ड दाखवलं तर ताई म्हणाली, ह्या माणसाशी माझं लग्न झालेलं नाही. पेपरातली बातमी बिनफोटोची गेली. ते तिच्या फार मनाला लागलं. बाराव्याला पाटावर नुसती समई ठेवायची का, असं विचारून ती ढसाढसा रडली.

मग स्वतःच उठली आणि फळीवरच्या पिठाच्या डब्यामागून एक फोटो काढला. तिच्या माहेरच्या तांब्याच्या हंड्याचा. तिनेच आमसुलाने घासून लखलखीत केलेला हंडा, आणि ऐन वेळी चादर सुटलेली. हंड्याच्या पोटात भावजी! नाक भोपळ्याएवढं, पाय काड्यांसारखे, तोंड ओरडण्यासाठी उघडलेलं. बाजूला चादरीचं टोक वर धरून खो खो हसणारी ताई. भावजी तो फाडायला निघाले होते. तिने लपवून ठेवला होता.

आता जिवंत बाईच्या फोटोला हार कसा घालायचा, म्हणून नातेवाईक अडून बसले. मग मीच म्हापशाला नेऊन तो कापून, मोठा करून आणला. "माका काढ," ताईने बजावलं होतं, "पण चादर धरलेलो हात रवांदी." राहू दिला, बांगडीसकट. बाराव्याला आलेला प्रत्येक जण फोटोकडे बघून आधी दचकला, मग तोंडावर रुमाल धरून बाहेर जाऊन हसून आला. ताईने कोणाला दोष दिला नाही. नाक तेवढंच होतं, म्हणाली.

परवा पेडण्याला गेलो. भिंतीवर भावजी काचेच्या चौकटीत, आणि काचेत ट्यूबलाइट, खिडकी आणि माझं टक्कल. भावजी काही दिसेनात. मला खरंच भरून आलं.

"कुशीक सर, तू दिसतंस," मागून ताई म्हणाली.

मी सरकलो. तिने पदराचं टोक ट्यूबलाइटच्या आड वर धरलं... तसाच हात, तशीच बांगडी. काचेतून नाक आलं, मग उघडं तोंड, मग काड्यांसारखे पाय.

"आता बघ," ती म्हणाली.