डावीकडे जाणारे बाण

रमाकांतला स्वतःला कधी नेम धरता आला नाही. लग्नानंतर बायकोनं, अनुपमानं, हौसेनं त्याच्या हाती धनुष्य दिलं, तर त्याचा बाण मैदानाचं कुंपण ओलांडून एका म्हशीच्या पाठीवरून गेला. म्हशीवाल्यानं जो तोंडाचा पट्टा सोडला, तो अनुपमा पुढं कैक वर्षं पाहुण्यांना साभिनय करून दाखवायची. रमाकांतनं पुन्हा धनुष्य ओढलं नाही.

अनुपमा खामगावच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर धनुर्विद्येचा वर्ग घ्यायची. कॉलेजात असताना बांबूच्या धनुष्यावर ती राज्य पातळीपर्यंत खेळून आली होती. नंतर चाकांची, तारांची धनुष्यं आली, तरी तिनं बांबू सोडला नाही. रमाकांत एका कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत कारकून. संध्याकाळी रिकाम्या घरात करमेना, म्हणून तो तिच्यामागं मैदानावर जाऊ लागला, आणि हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा बरं म्हणून बाणांची निघालेली पिसं चिकटवू लागला. ज्या पोत्यांवर मुली नेम धरायच्या, त्यात भरायला जिनिंगमधला रद्दी कापूसही तोच घेऊन यायचा. त्यातून त्याला बाणांचं वेड लागलं.

अनुपमाचं धनुष्य वडनेर भोलजीच्या पुंजाजीनं बनवलेलं. पुंजाजी शेतकरी माणूस, पण बांबूकामाचा नाद. सातपुड्याच्या पायथ्याचा बांबू आणून त्यानं तिच्या हातांची मापं घेतली, तिला कितपत ओढवतं ते पाहिलं, आणि पावसाळाभर कामट्या वाळवून दिवाळीच्या सुमारास धनुष्य हाती दिलं. ते दुसऱ्या कुणाला नीट चालत नसे. कुणाला जड जायचं, कुणाला आखूड पडायचं.

अशा धनुष्याला बाणही त्याचेच लागतात. बाण धनुष्याच्या मुठीच्या मधून जात नाही, कडेनं जातो. दोरी सुटली की तो आधी वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि पुढं जाऊन सरळ होतो. बाणाची काडी फार ताठ असली की ती वाकायलाच तयार नसते. मुठीवर आपटून डावीकडे पळते. फार मऊ असली की उजवीकडे. रमाकांतनं ओसरीवर एका फळीत दोन खिळे ठोकले होते. त्यावर काडी आडवी ठेवायची, मधोमध जुन्या तराजूचं वजन टांगायचं आणि काडी किती झुकते ते बघायचं. सारख्या झुकणाऱ्या काड्या एका जुडीत. मग पिसं न लावताच अनुपमाकडून मारून घ्यायच्या. पिसं चुका झाकतात. उघडा बाण पोत्यात जसा तिरपा रुततो, त्यावरून कळतं काय बिघडलंय. टोक जड केलं की काडी जास्त वाकते, काडी आखूड केली की ताठ होते. असं करत करत तो बाण तिच्या हाताशी जुळवायचा, आणि जुळला की तिला विचारावं लागत नसे. बाण सुटल्याचा आवाज ऐकून ती नुसतं मान हलवायची.

त्यांच्या संसाराची पुष्कळ वर्षं अशी गेली. मुलगी झाली, श्रद्धा. ती शिकून पुण्याला नोकरीला लागली. आजूबाजूच्या गावांतली पोरंपोरी बाण जुळवून घ्यायला रमाकांतच्या ओसरीवर येऊ लागली. लोक त्याला बाणवाले रमाकांतभाऊ म्हणत. त्याला ते आवडायचं.

मग एका हिवाळ्यात अनुपमाचे बाण डावीकडे जायला लागले.

फार नाही, वीतभर. रमाकांतला वाटलं, थंडीनं काड्या ताठल्या असतील. त्यानं टोकं थोडी जड केली; बाण पुन्हा मधोमध बसू लागले. संक्रांत झाली आणि पुन्हा तेच. या खेपेला त्यानं मुठीच्या कडेचं चामडं काढलं, मूठ बारीक केली. पुन्हा जमलं. होळीच्या सुमारास पुन्हा. आता त्यानं बारीक काड्यांची नवी जुडी केली, आणि ती इतकी सुरेख जुळली की अनुपमा म्हणाली, "बाप रे, हे तर तुमचे आजवरचे सगळ्यात चांगले बाण."

तो खूश झाला. चार दिवस त्याच खुशीत होता.

त्या उन्हाळ्यात तिच्या हातून खडू पडू लागले. कुलपात किल्ली फिरेना. एकदा पोळी लाटता लाटता तिनं लाटणं खाली ठेवलं आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे नवल वाटल्यासारखी बघत बसली. अंगठ्याखालचा गादीसारखा भाग खोल गेला होता. रमाकांतनं तो हात हातात घेतला, आणि तेव्हा त्याला कळलं. बाण ताठले नव्हते, धनुष्यही बिघडलं नव्हतं. तिचीच ओढ कमी पडत होती, म्हणून काडी पुरती वाकत नव्हती. थंडीपासून ती दोरी हनुवटीपर्यंत आणतच नव्हती, आणि आपण दर वेळी बाण बदलून ते झाकत गेलो.

अकोल्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. नागपूरला सुया टोचून तपासण्या झाल्या. डॉक्टर वयानं तरुण होते, पण घाई न करता बोलले. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्यात, म्हणाले. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. यावर औषध नाही. एक गोळी आहे, ती थोडेसे दिवस वाढवते.

"आम्ही थंडीतच आलो असतो तर?" रमाकांतनं विचारलं.

"काही फरक पडला नसता," डॉक्टर म्हणाले. "खरंच सांगतो."

यावर हायसं वाटावं की जास्तच वाईट, ते त्याला कळेना. परतीच्या गाडीत अनुपमा खिडकीबाहेर बघत होती. बडनेरा गेल्यावर म्हणाली, "श्रद्धाला फोनवर नका सांगू. ती आली की मी सांगेन." मग जरा वेळानं, "मैदान मात्र मी सोडणार नाही. जमेल तोवर."

म्हणून रमाकांत धनुष्य घेऊन वडनेरला गेला. पुंजाजी आता म्हातारा झाला होता, कानानं कमी ऐकायचा. त्यानं धनुष्य मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं.

"हलकं करून पायजे? काऊन? चांगलं तं हाये."

रमाकांतनं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, मोठ्यानं. आतून पुंजाजीची बायको तानुबाई चहा घेऊन आली होती. ती कपबशी हातात धरून दारातच उभी राहिली.

पुंजाजी उठून काचेचा एक तुकडा घेऊन आला आणि धनुष्याची आतली बाजू खरवडू लागला. बांबूचा पातळ भुगा त्याच्या धोतरावर पडत राहिला. मधून मधून दोरी चढवायची, ओढून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का पाहायचं. संध्याकाळपर्यंत धनुष्य ओढायला हलकं झालं.

"अजून एक खेप घासता येईन," तो म्हणाला. "त्याच्या म्होरं मोडन. बाईले सांगजा."

रमाकांतनं ते तिला सांगितलं नाही.

हलक्या धनुष्याला त्यानं आणखी बारीक काड्या केल्या. शाळेतून तिनं रजा घेतली होती. मुली गेल्यावर तो तिला मैदानावर न्यायचा, पोतं जवळ ओढून ठेवायचा, आणि ती मारायची. जुळलं. पावसाळा सरेपर्यंत बाण पुन्हा डावीकडे जाऊ लागले. त्यानं पुन्हा काड्या बदलल्या. धनुष्य पुन्हा वडनेरला जाऊन आलं. ओसरीवर जुड्या वाढत गेल्या. तिचा हात आता किती उरलाय, हे त्या जुड्यांवरून त्याला कळायचं, आणि तिनं विचारलं की तो म्हणायचा, "हवेत दमटपणा आहे, त्यानं होतं असं."

एका संध्याकाळी तो काडीच्या टोकाला तार गुंडाळत बसला होता. अनुपमा खुर्चीवर बसून बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "आता बाण नका बदलू."

"का?"

"आहेत तेच राहू देत. कुठं जातात ते मला बघायचंय."

"ते डावीकडेच जाणार, अनु."

"मग जाऊ देत. दर वेळी तुम्ही मधोमध आणून ठेवता, आणि मला वाटतं अजून आहे. मग कप सुटतो हातातून, तेव्हा कळतं. माझं काय चाललंय, ते मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या ना."

रमाकांतला हे पटलं नाही. हे निर्दयपणाचं वाटलं त्याला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या हातचं एवढंच एक काम उरलं होतं, तेही ती काढून घेत होती. तो हो म्हणाला. पण दोन आठवड्यांनी, बाण पार पोत्याच्या कडेला लागायला लागले तेव्हा, ती झोपलेली असताना त्यानं त्याच बाणांची टोकं बदलली. रंग तोच, पिसं तीच. ओळखू येणार नाही असं त्याला वाटलं.

पहिला बाण मधोमध लागला. अनुपमानं धनुष्य खाली केलं. भात्यातला दुसरा बाण काढून त्याचं टोक चाचपून पाहिलं, आणि धनुष्य गवतावर टाकून ती एकटीच घराकडे चालू लागली. तेव्हा ती एक पाय ओढत चालायला लागली होती. शाळेच्या फाटकापाशी ती अडखळली. रमाकांत धावला, तर तिनं त्याला हात लावू दिला नाही. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. बोलणं किती दिवस शिल्लक आहे हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून ते दोन दिवस त्याला अजून सलतात.

तिसऱ्या दिवशी त्यानं टोकं परत होती तशी केली आणि तिच्यासमोर ठेवली. ती म्हणाली, "चला."

त्यानंतर दोघं जात राहिले. तो पोतं लावून तिच्या बाजूला उभा राहायचा, काही सुचवायचा नाही. बाण डावीकडे सरकत गेले. मग पोत्याबाहेर, मग गवतात. ती प्रत्येक बाणाकडे टक लावून बघायची. रडली नाही. एकदा स्वतःशीच म्हणाली, "असं आहे होय." थंडी ओसरायला लागली तेव्हा एक दिवस दोरी वीतभराच्या वर ओढली जाईना. तिनं तीनदा प्रयत्न केला. मग धनुष्य त्याच्याकडे दिलं आणि म्हणाली, "दोरी उतरवून ठेवा. तशीच राहिली तर बांबू वाकतो." तो दोरी उतरवू लागला. फास निघता निघेना.

पुढचं भराभर झालं. पाय गेले, मग मान. बोलणं घोगरं, मग तुटक झालं. आता ते एकट्या रमाकांतला कळतं. त्यानं नोकरी सोडली. श्रद्धा महिन्यातून एकदा येते, आईचे केस विंचरते, आणि जाताना दारात बापाला मिठी मारून उभी राहते.

मागच्या महिन्यात शाळेतल्या नव्या बाईंनी त्याला मैदानावर बोलावलं. ओवी नावाच्या एका मुलीला नवं बांबूचं धनुष्य आणलं होतं, बाण जुळवून हवे होते. शेजारच्या कलाबाईला घरी बसवून तो गेला. नाही म्हणवलं नाही त्याला. ओवीनं बाण मारला. डावीकडे. दुसराही डावीकडे.

रमाकांत तिच्या मनगटाकडे बघत राहिला.

"काका, काय करायचं?" ओवीनं विचारलं.

"हात दाखव," तो म्हणाला. तिचा अंगठा, त्याखालची गादी त्यानं दाबून पाहिली. चांगली भरलेली होती, पोरीचा हात तो. तरी त्याच्या तोंडून निघून गेलं, "एकदा डॉक्टरला दाखवा हिला."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. बाई बावरल्या. "भाऊ, बाण जरा ताठ असतील का?" त्यांनी हळूच विचारलं. ताठच होते. त्याला पहिल्या बाणालाच कळायला हवं होतं. पण ती काडी हातात घ्यायची त्याची हिंमत होईना. दुसऱ्या कुणाला तरी विचारा, असं काहीतरी पुटपुटून तो निघाला.

घरी आल्यावर त्यानं अनुपमाला सगळं सांगितलं. अजूनही सगळं तिलाच सांगतो. ती छताकडे बघत ऐकत होती. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "पोरगी... घाबरली... असेल."

"हो," तो म्हणाला. "घाबरली."

"जा... उद्या. सांगा तिला."

"जातो," तो म्हणाला. तो गेला नाही. ओसरीवरच्या जुड्या त्यानं बाजारच्या दिवशी पुंजाजीच्या ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर वडनेरला पाठवून दिल्या. वेलांना आधाराला होतील म्हणून तानुबाईनं निरोप धाडला. अनुपमानं त्याबद्दल विचारलं नाही.

तिला आता पातळ मऊ खिचडीच चालते, तीही चमच्याच्या टोकावर घेऊन. एक वाटी भरवायला अख्खी संध्याकाळ जाते. खिचडी निवते, तो उठून गरम करून आणतो, पुन्हा निवते. ठसका लागला की वाटी खाली ठेवतो, तिला कुशीवर वळवून पाठ चोळतो, आणि तिचा श्वास परत लागेपर्यंत हात तसाच ठेवून थांबतो.