थांबवलेली कॅसेट
माळ्यावरचा खोका उपसताना जुन्या कॅसेटींचा तो कोंदट प्लॅस्टिकचा वास आला आणि महाप्याच्या कारखान्यातलं आमचं नाटक आठवलं. नव्वदच्या दशकात कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी आम्ही वाळवंटात वाट चुकलेल्या दोन मित्रांचं नाटक बसवलं होतं. मी विंगेत बसून कॅसेटवरून पार्श्वसंगीत द्यायचो, संथ बासरी आणि तिच्यामागे घोंघावणारा वारा. त्या कॅसेटचा मला फार अभिमान होता. मरणाऱ्या मित्राला मांडीवर घेऊन बसायचं काम आमचा एक वेल्डर करायचा, रायगडकडचा, आखातात सहा वर्षं काढून आलेला. शेवटच्या तालमीनंतर चहा पिताना तो म्हणाला, "तिकडे असं काय वाजत नाय रे. आमची गाडी बंद पडली आणि माझा रूमपार्टनर रेतीतच गेला, तेव्हा फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तोपण नाय." एवढं बोलून तो कप विसळायला उठला. प्रयोगात तो प्रसंग आला तेव्हा मी कॅसेट थांबवली. समोरच्या विंगेतून दिग्दर्शक हातवारे करत होता. वेल्डरने एकदाच माझ्याकडे पाहिलं, मग मित्राच्या तोंडाशी कान नेला आणि तसाच बसून राहिला. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, ‘ऐन प्रसंगी पार्श्वसंगीत बंद पडले.’ आज कॅसेट उजेडात धरून पाहिली. टेप अजून तिथेच थांबलेली आहे. घरात टेपरेकॉर्डर आहे, चालतोही, पण मी ती पुढे नेलेली नाही.