तीन गावांचा कौल

"सही करते," आई म्हणाली, "पण आधी मला तीन गावं फिरवून आण."

सही म्हणजे आमच्याकडे कायमचं राहण्याच्या अर्जावरची. बाबा गेल्यावर मी आईला वेंगुर्ल्याहून सिडनीला, पॅरामॅटातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. तेव्हापासून ती व्हिजिटर म्हणून येऊन-जाऊन होती. अर्ज मी केव्हाच भरून ठेवला होता, फक्त तिची सही तेवढी राहिली होती. "बघू, गणपती होऊ देत." "बघू, ही थंडी जाऊ दे." असं करत तो आठ महिने खणात पडून राहिला. आणि आता अचानक तीन गावं. ताइपेई, नाहा आणि ताइनान. पहिलं आणि तिसरं तैवानमधलं, मधलं जपानच्या पार दक्षिणेला, ओकिनावा बेटावरचं.

मी संशयी बाई आहे हे आधीच सांगून टाकते. एका ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्याने "चालतंय" म्हणून पाठवलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. नवरा म्हणतो, "घरात तरी टेस्टिंग थांबव गं." पण हा स्वभाव नोकरीतून आलेला नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारात कोळणीने "आत्ताचोच आसा" म्हणून शपथ घेतलेल्या प्रत्येक माशाचे कल्ले आई स्वतः बोटाने उघडून बघायची. कोळीण चिडायची, आई शांतपणे पुढचा मासा उचलायची, आणि मी पिशवी धरून शेजारी उभी असायची.

तर या बाईने आयुष्यात कधी मला अमुक ठिकाणी ने म्हणून सांगितलं नव्हतं. ब्लू माउंटन्सला नेलं तर गाडीतच बसून राहिली होती. तिला एकदम परदेशातली गावं, तीही नावानिशी, कशी सुचली? माझ्या मनात पाल चुकचुकली.

पहिला संशय शेजारणीवर गेला. आमच्याच मजल्यावर एक तैवानी बाई राहते, आईच्याच वयाची, एकटी. दोघींचं इंग्रजी बेताचं, पण रोज दुपारी दोन तास बसायच्या. आईने तिला सोलकढी शिकवली होती आणि तिच्याकडून चिनी कोबीचं लोणचं शिकली होती. काय बोलता म्हणून विचारलं तर "असंच, झाडांचं" म्हणायची. हल्ली म्हाताऱ्या माणसांना गोड बोलून कुठल्या कुठल्या पंथात ओढतात, हे मी सतरांदा ऐकलं होतं. एकदा साखर मागायच्या निमित्ताने मी तिच्या घरात डोकावून आले. भिंतीजवळ छोटा देव्हारा, समोर संत्री, उदबत्ती. साखर मिळाली, पुरावा मिळाला नाही.

"आई, शी'ज जस्ट एक्सायटेड. लेट हर बी," माझी चौदा वर्षांची लेक म्हणाली. आजीची बाजू ती नेहमीच घेते.

आईने प्रवासाचा सगळा बेत एका वहीत लिहिला होता. ती आंघोळीला गेल्यावर मी वही चोरून वाचली, मग मला लाज वाटली, मग परत वाचली. शाळेत बाईंनी तपासायला मागितल्यासारखं सुबक अक्षर. "ताइपेई, तीन दिवस. सकाळी जुने देऊळ. चहाचे मळे, हिच्यासाठी. नाहा, तीन दिवस. डोंगरावरचे देऊळ. कुंभारांची गल्ली, हिच्यासाठी. ताइनान, दोन दिवस. समुद्राच्या देवीचे देऊळ." ही म्हणजे मी. आणि प्रत्येक देवळाखाली एकच शब्द, खाली दोन रेघा मारलेला: विचारणे.

कोणाला? आणि काय? शिवाय ताइपेईहून ताइनान ट्रेनने तासा-दोन तासांवर. ते सोडून मध्ये समुद्र ओलांडून जपानला जायचं आणि परत तैवानला यायचं, हा कुठला मार्ग? मी तसं सुचवून पाहिलं. "ताइनान शेवटीच," आई म्हणाली. मला वाटलं, सही टाळायचाच हा काहीतरी उद्योग आहे. नाहीतर तिला काही आजार झालाय आणि ती नवस फेडत निघाली आहे. दुसऱ्या शक्यतेने मला दोन रात्री झोप लागली नाही. मी रजा टाकली आणि तिकिटं काढली. लेकीची परीक्षा होती, म्हणून नवरा तिच्यासोबत थांबला आणि आम्ही दोघीच निघालो.

ताइपेईत दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आई साडी नेसून, वर माझा जुना स्वेटर चढवून तयार होती. देवळाच्या दाराशी म्हणाली, "तू इथेच थांब. चहा पी."

"मी का नको आत?"

"देवाशी बोलायचंय. तू मध्ये मध्ये बोलतेस."

मी चहा घेतला, पण मान उंच करून बघत राहिले. आत धुराचे लोट. आईने गुडघे टेकले, दोन्ही हात कपाळाशी नेले आणि काहीतरी जमिनीवर टाकलं. खट् खट् आवाज झाला. वाकून पाहिलं, मग हसली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"उजवा दिला," म्हणाली.

मला लख्ख कळलं. आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. इथे तेच काम लाल रंगाचे दोन लाकडी तुकडे करत होते. काजूगराच्या दोन फाका असाव्यात तसे, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर देव होय म्हणाला. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नाही. शेजारणीच्या देव्हाऱ्यातही तसे तुकडे आहेत आणि हे सगळं तिनेच शिकवलं, असं आईने सांगितलं. झाडांच्या गप्पा म्हणजे या गप्पा होत्या तर.

"काय विचारलंस?"

"तब्येतीचं."

त्या रात्री ती झोपल्यावर मी तिच्या गोळ्यांची पिशवी तपासली. नेहमीच्या बीपीच्या, नेहमीच्या कॅल्शियमच्या. म्हणजे तब्येतीचं नव्हतं, ती मला थाप मारत होती. चहाच्या मळ्यांत दिवसभर फिरताना मी तिला तीनदा, वेगवेगळ्या वाटांनी विचारून पाहिलं. तिने प्रत्येक वेळी मला एखादं झाड दाखवलं.

नाहात कुंभारांची गल्ली आधी झाली. तिथे छपराछपरावर मातीचे सिंह जोडीने बसलेले, एकाचं तोंड उघडं, एकाचं मिटलेलं. "तो उघड्या तोंडाचा तू," आई म्हणाली आणि स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसली. मला ती हौसेने एकेका दुकानात नेत होती, कप हातात देत होती. मला कप आवडतात हे तिला ठाऊक आहे. मी मात्र तिच्या तोंडाकडे बघत होते, कुठे काही निसटतंय का म्हणून. आता वाटतं, ते कप नीट बघायला हवे होते.

डोंगरावरच्या देवळात लाकडी तुकडे नव्हते. तिथे डबा हलवून काडी काढायची आणि काडीवरच्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची. आईने पुन्हा मला लांब उभं केलं आणि डोळे मिटून चिठ्ठी काढली. पण ती होती जपानीत, तेव्हा तिला माझ्या फोनची गरज पडलीच. फोनने वाचलं ते असं: थोडं शुभ. प्रवास ठीक. हरवलेली वस्तू सापडेल. ज्या माणसाची वाट बघता तो येईल, पण उशिरा.

"कोणाची वाट बघतेस तू?" मी विचारलं.

आईने चिठ्ठीची घडी घालून पाकिटात ठेवली. "एका देवाचं ऐकून चालत नाही," एवढंच म्हणाली. म्हणजे ताइपेईच्या देवाने होय म्हटलेलं तिने नाहाच्या देवाकडून तपासून घेतलं होतं, आणि आता तिसऱ्याकडे निघाली होती. देवाचेसुद्धा कल्ले उघडून बघणारी बाई! मला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही, कारण आता मला प्रश्न कळल्यासारखा वाटत होता. ती विचारत असणार, मी घरी परत जाऊ का? वेंगुर्ल्याचं घर, एकटीने, जिना चढून. देव होय म्हणाला आहे, आणि म्हणून ती खूश आहे.

ताइनानच्या देवळात तिने मला नेहमीप्रमाणे बाहेर थांबवलं. मी "हो" म्हणाले आणि तिच्या मागोमाग आत शिरले. खांब जाड होते, एकामागे लपले. पंधरा-वीस पावलांवर आई गुडघे टेकून बसली होती आणि आपलं बोलणं इथे कोणालाच कळणार नाही म्हणून मोठ्याने बोलत होती. माझ्याशी ती साधं मराठी बोलते, देवाशी मात्र मालवणीत.

"आये, लांबसून इलंय. चेडवान माका मनापासून बोलावल्यान, की लोक काय म्हणतीत म्हणान? मनापासून आसात तर उजवो दी."

लेकीने मला मनापासून बोलावलं, की लोक काय म्हणतील म्हणून बोलावलं?

तुकडे पडले. दोन्ही सपाट बाजू वर. जवळ उदबत्त्या विकणारे एक आजोबा होते, ते हसले आणि तुटक्या इंग्रजीत म्हणाले, "गॉड लाफ. आस्क अगेन." सपाट-सपाट म्हणजे होय नाही, नाही नाही. देवी हसली होती. आई तशीच बसून राहिली. तिचे खांदे पडले होते आणि माझा स्वेटर तिला किती मोठा होतो ते मला पहिल्यांदाच दिसलं.

मी जाऊन शेजारी बसले. ती दचकली नाही.

"मला विचारायचंस ना, आई."

"तू हो म्हणाली असतीस."

"मग?"

"लहानपणापासून तू हो म्हणतेस. ताप असला तरी शाळेत जाते म्हणायचीस. तुझा हो मला ओळखू येत नाही."

मला राग आला. किती केलं मी हिच्यासाठी, फॉर्म, डॉक्टर, वेगळी खोली. आणि हिला माझ्यावर संशय! राग येता येताच कळलं की ही यादी मी नेहमी तयार ठेवते, कोणी विचारलं तर दाखवायला. म्हणून मग मी खरं सांगितलं.

"तेव्हा मनापासून नव्हतं," मी म्हणाले. "बाबांच्या तेराव्याला सगळे माझ्याकडे बघत होते. मला लाज वाटली म्हणून मी बोलावलं."

आई माझ्याकडे वळली.

"आणि आता?"

"आता मला माहीत नाही. ट्राममधून उतरले की मी आधी वर बघते, तू बाल्कनीत आहेस का. असलीस तर वैतागते, वाऱ्यात कशाला उभी राहते म्हणून. नसलीस तर लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावत येते. ह्याला मनापासून म्हणतात का, ते तूच ठरव."

तिने तुकडे उचलले, पदराने पुसले आणि माझ्या हातात दिले. "तू टाक," म्हणाली. "मघाचाच प्रश्न. पण तेव्हाचा नको, आताचा विचार."

मी रोज शंभर गोष्टी तपासते. निकाल लाल येवो की हिरवा, डोळे उघडे ठेवून बघते. त्या देवळात मी तुकडे टाकले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. खट् खट् आवाज ऐकला. डोळे उघडले तेव्हा फरशी रिकामी होती. आईने तुकडे उचलून मुठीत घेतले होते आणि ती गुडघ्यावर हात देऊन उठत होती.

"काय आलं?"

"चल," ती म्हणाली. "भूक लागली. बाजारात मासे बघू, ताजे आहेत का."

परत आल्यावर चौथ्या दिवशी तिने खणातून स्वतःच अर्ज काढला आणि सही केली. अक्षर वहीतल्यासारखंच सुबक. मी तो खिडकीपाशी नेऊन दोनदा पाहिला, तारीख, जागा, सगळं बरोबर होतं. शेजारीण कोबीचं लोणचं घेऊन आली. तिला विचारलं असतं तर तिने आईकडून कळलेला त्या दिवशीचा कौल सांगितलाही असता, पण मी बरणी घेतली आणि थँक यू म्हणून दार लावलं.

कारण मला एक संशय आहे. त्या दिवशी दोन्ही फुगीर बाजू वर आल्या असाव्यात. देवी स्वच्छ नाही म्हणाली असावी, आणि आईने माझे डोळे उघडायच्या आत ते तुकडे उचलले असावेत, आणि तरीही घरी येऊन सही केली असावी. आयुष्यात हा एकच संशय मी तपासून बघणार नाही.