शपथ न घेणारी आजी

"आधी मिनिटभर गप्प बसूया?" असं विचारून ती उत्तराची वाट न बघता डोळे मिटायची. समोर खासदाराचा सेक्रेटरी असो, नाहीतर आमच्या गल्लीत पार्किंगवरून भांडणारे दोघे असोत. आधी गप्प, मग बोलणं. तुम्ही कधी असल्या बाईच्या शेजारी राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, आधी हसू येतं, मग वैताग येतो, आणि मग आपणही मुकाट डोळे मिटतो.

ती क्वेकर या ख्रिस्ती पंथाची होती. अमेरिकेतल्या या डब्लिनला राहायला येईपर्यंत हे लोक कोण ते मला माहीतही नव्हतं. त्यांच्यात ना पाद्री, ना गाणी. रविवारी बाकांवर शांत बसायचं आणि आतून काही सांगावंसं वाटलं तरच उठून बोलायचं. युद्धाला कायमचा विरोध. मी नागपूरची, लहानपणापासून विहारात बसलेली, मला शांततेचं काय अप्रूप! पण ही शांतता घेऊन थेट राजकारण्यांच्या दारात जाऊन बसायचं, हे नवीन होतं.

तिला नीट दिसेनासं झालं तेव्हा तिला ड्राइव्ह करून न्यायचं काम माझ्याकडे आलं. शेजारची म्हणून आमची पोरं तिला आजी म्हणायची, म्हणून माझीही आजीच. नवरा म्हणाला, "यार, आपलं ग्रीन कार्ड अडकलंय. कशाला नको तिथे तोंड दाखवतेस?"

"मी फक्त गाडी चालवते," म्हटलं. "तोंड तिचं आहे."

खासदाराच्या इथल्या ऑफिसात मऊ गालिचा, झेंडा आणि वाडग्यात पीनट बटरची चॉकलेटं. सेक्रेटरी पोरगा इतका गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. "तुमचं मत आमच्यासाठी फार मोलाचं आहे." आम्हाला हेच, आमच्या आधी बंदुकांची बाजू घेऊन आलेल्यालाही हेच, त्याच हसऱ्या चेहऱ्याने. मला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. आजी मात्र निघताना त्याच्या आईची तब्येत विचारायची.

त्या वेळी दूरच्या एका देशावर इथून गेलेले बॉम्ब पडत होते. घरांवर, दवाखान्यांवर. ते पाठवणं थांबवायचा ठराव वॉशिंग्टनमध्ये मतदानाला येणार होता. आजीला फक्त आपल्या खासदाराचं मत हवं होतं. बाकी काही नाही.

एकदा खासदार स्वतः भेटला. आजीने त्यालाही डोळे मिटायला लावले, मग तिथल्या एका दवाखान्याबद्दल सांगितलं. ती सगळ्यांना नावाने हाक मारायची, साहेबबिहेब नाही. ऐकता ऐकता त्याचे डोळे पाणावले, हो, मी पाहिलं. म्हणाला, "मी ठरावाच्या बाजूने मत देईन. शपथेवर सांगतो."

"शपथ नको," आजी म्हणाली. "शपथेशिवाय खरं बोलत नाही असा अर्थ होतो त्याचा. तू हो म्हणालास, पुरे."

गाडीत मी चिडले. "अगं आजी, निदान ईमेलवर लिहून तरी मागायचं! ही पुढाऱ्यांची जात काय आहे माहीत नाही का तुला?"

"हो म्हणजे हो," ती म्हणाली आणि सीटबेल्ट चाचपू लागली.

एवढ्यावर थांबली असती तर एक वेळ चाललं असतं. मतदानाच्या आदल्या दिवशी तिच्या मंडळींनी त्याच्या ऑफिससमोर उभं राहायचं ठरवलं होतं. टीव्हीवाले येणार होते. तेही तिने कॅन्सल करायला लावलं. म्हणे, हो म्हणालेल्या माणसाच्या दारात उभं राहणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं. आणि तिची ती साधी माणसं, तीही माना डोलावून घरी बसली!

त्याने विरोधात मत दिलं. ठराव पडला. सेक्रेटरी फोनवर म्हणाला, परिस्थिती बदलली. कसली डोंबलाची परिस्थिती? बॉम्ब तेच, दवाखाने तेच.

निकाल मीच तिला वाचून दाखवला. तिने डोळे मिटले नाहीत. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मी विश्वास ठेवला ते चुकलं नाही माझं. पण तिकडच्या लोकांना हे कुठल्या तोंडाने सांगू?"

त्यानंतर ती त्याच्याकडे गेली नाही. थंडी ओसरायच्या आत गेलीच.

तिच्या शोकसभेलाही सगळे गप्प बसले होते, आणि हा गृहस्थ आला! काळा सूट, मागे सेक्रेटरी, हातात फोन, व्हिडिओ चालू. माझ्याच शेजारी जागा रिकामी होती. थोड्या वेळाने उठून म्हणाला, "तिने मला शांततेचा अर्थ शिकवला." त्यांच्यात कुणी कुणाला खोडून काढत नाही. तो बसला.

ही सभा संपते ती हात मिळवून. प्रत्येकाने शेजारच्याचा हात हातात घ्यायचा. त्याने माझ्यापुढे हात केला. सेक्रेटरीने फोन वर धरला.

आजीने तो हात धरला असता. मला पक्कं माहीत आहे.

"तुम्ही तिला हो म्हणाला होतात," मी म्हटलं.

"सॉरी?"

"हो म्हणाला होतात तुम्ही तिला."

पलीकडून नवऱ्याने कोपर मारलं. फोन खाली गेला. खासदाराचा हात तसाच पुढे होता, आणि मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.