खालच्या आळीला पाणी, आणि जगाचे निकाल

आमचं गाव नांदूरघाटापासून सात-आठ किलोमीटर आत आहे. माझं किराणा दुकान ग्रामपंचायतीच्या अगदी समोर, त्यामुळे उत्तरेश्वरला मी रोज बघतो. तो पंचायतीत पाणी सोडायच्या कामावर आहे. सकाळी टाकीचे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि कोणत्या आळीला कधी पाणी येणार ते भोंग्यावरून सांगायचं. राशन आलं, लसीकरणाची बाई आली, कुणाची शेळी हरवली, तेही त्यानंच सांगायचं. वय सत्तावन्न, अंगानं काटक, बोलणं हळू. भोंग्यावर मात्र आवाज एकदम मोकळा होतो.

या माणसाला खेळांचं वेड आहे. क्रिकेटचं वेड गावात पन्नास जणांना असेल. उत्तरेश्वरला हॉकी लागते, फुटबॉल लागतो, कुस्ती, टेनिस, भालाफेक, बुद्धिबळ, सगळं लागतं. ज्या खेळाचे नियम कळत नाहीत तोही तो बघत बसतो. कोण हरतंय एवढं समजलं की त्याचा जीव त्या हरणाऱ्यात अडकतो.

हे वेड ऊसतोडीत लागलं. लग्नानंतर चौदा हंगाम तो आणि त्याची बायको मनकर्णा कागलच्या बाजूला तोडीला जात होते. तिथल्या एका शेतकऱ्याचा रेडिओ बांधावर चालू असायचा. हॉकीचं धावतं वर्णन ऐकत उत्तरेश्वर मोळ्या बांधायचा. एकदा कारखान्यावर गाड्यांची रांग लागली, तोड दोन दिवस थांबली, तेव्हा तो त्या शेतकऱ्याबरोबर कोल्हापुरात फुटबॉलचा सामना बघून आला. "पायानं एवढं करता येतं हे मला म्हाईतच नव्हतं," असं तो अजून सांगतो.

पॅरिसचं ऑलिंपिक लागलं तेव्हा त्यानं भोंग्यावर पाण्याच्या सूचनेपाठोपाठ निकाल सांगायला सुरुवात केली. कुणाला विचारलं नाही. कुणी हरकतही घेतली नाही. माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं पुडा हातात धरून ऐकत उभी राहायची.

एका सकाळी तो सांगून गेला की हरयाणाची आपली पोरगी कुस्तीच्या फायनलला गेली, आता चांदी तर कुठं जात नाही. दुपारी बातमी आली की वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं म्हणून तिला बाहेर काढलं. उत्तरेश्वर माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. चेहरा असा, की मला वाटलं घरी काही झालं.

"सकाळी मी सगळ्या गावाला चांदी सांगून बसलो," तो म्हणाला. "आता काय सांगू?"

छबुबाई चहापत्ती घ्यायला आल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी विचारलं, "शंभर ग्रॅम म्हंजी किती रं, उत्तरेश्वरा?"

उत्तरेश्वर मला म्हणाला, "रामेश्वर, शंभर ग्रॅम साखर तोल बरं."

मी तोलली. त्यानं ती कागदावर घेऊन छबुबाईंच्या ओंजळीत ओतली. छबुबाईंनी ओंजळ वरखाली केली, साखरेकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच, काकू."

"तिच्या आईला कळलं आसंल का?"

संध्याकाळी उत्तरेश्वर भोंग्यावर गेला आणि म्हणाला, सकाळी दिलेली बातमी आता खरी राहिली नाही, मला माफ करा. बातमी त्यानं तयार केली नव्हती, तरी माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच जिल्ह्यातल्या, आष्टीकडच्या पोराचा निकाल होता. अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत तो अकरावा आला. पारावरची पोरं हसली. उत्तरेश्वरनं भोंग्यावरूनच त्यांना सुनावलं, "अकरावा म्हंजी साऱ्या जगात अकरावा. हितून नांदूरघाटापर्यंत पळत जाऊन दाखवा, मग हसा. खालच्या आळीला पाणी साडेसातला."

आणि त्याच संध्याकाळी घोटाळा झाला. पाच वाजता त्यानं वरच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडला आणि घरी हॉकी बघायला बसला. स्पेनबरोबर कांस्यपदकाचा सामना होता. आपण दोनास एक असं जिंकलो. उत्तरेश्वर चपला न घालता पंचायतीकडं पळाला, भोंग्यावरून निकाल सांगितला. बाहेर आला तर रस्त्यानं पाणी वाहत होतं. व्हॉल्व्ह उघडाच राहिला होता. सरपंच मोहनरावांच्या गोठ्यात पाणी शिरून कडब्याच्या खालच्या पेंढ्या भिजल्या होत्या आणि टाकी तळाला गेली होती.

मोहनराव मोठे शेतकरी. बोलायला कडक, पण उगीच कुणाला लागून बोलणारे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या आधीच त्यांनी उत्तरेश्वरला पंचायतीत बोलावलं. मीही होतो.

"कडब्याचं सोड," ते म्हणाले. "आज खालच्या आळीत प्यायला पाणी न्हाई. बायका घागरी घिऊन माझ्या दारात उभ्या हायत. तुझी हॉकी त्यांना प्यायला घालू का?"

"चूक माझीच हाय, दादा."

"भोंगा पंचायतीचा हाय. आजपासून पाणी आणि सूचना. खेळ बंद."

"बरं," उत्तरेश्वर म्हणाला. त्यानं ते पाळलं. भालाफेकीचं रौप्य आलं तेव्हाही भोंग्यावर फक्त पाण्याची वेळ ऐकू आली. छबुबाईंनी मला विचारलं, "कावून बोलंना आता ह्यो?" मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाणी न्हाई आलं त्या दिवशी मीबी बोलले त्याला. पण मी तेवढ्यापुरतं बोलले."

दिवाळी झाली. नेहमीप्रमाणे ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या आणि गाव निम्मं झालं. त्यात उत्तरेश्वरची लेक दीपमाला आणि जावई सोमेश्वर होते. ते आमच्याच गावात राहतात, आणि ऊस तोडायला कागलकडंच जातात. त्यांची मुलगी वर्षाराणी, बारा वर्षांची, तीही बरोबर गेली.

दीपमाला शाळेत असताना खो-खो खेळायची. मी तिला खेळताना पाहिलंय. हडकुळी पोरगी, पण उठून पळायला लागली की समोरच्याला हुलकावणी कधी दिली ते कळायचं नाही. सातवीत तिचं नाव जिल्ह्याच्या संघात आलं होतं. त्याच आठवड्यात उत्तरेश्वरची टोळी निघाली. धाकटा भाऊ दोन वर्षांचा होता, आईबाप उसाच्या फडात असताना त्याला कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, कोण बघणार, म्हणून दीपमालाला घेऊन गेले. परत आल्यावर ती शाळेत गेली, मैदानावर गेली नाही. घरात या विषयावर कधी बोलणं झालं नाही. एवढं सगळं बघणारा उत्तरेश्वर खो-खोबद्दल मात्र कधी बोलायचा नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. बायकांच्या संघाची कर्णधार मूळची आपल्या केज तालुक्यातली, हे पेपरात आलं होतं. अंतिम सामना रविवारी संध्याकाळी नेपाळबरोबर होता. त्या दिवशी उत्तरेश्वरनं व्हॉल्व्ह आधीच बंद केला, दोनदा जाऊन बघितला आणि मला म्हणाला, "रामेश्वर, घरी ये. मला एकट्याला बघवणार न्हाई."

मी गेलो. मनकर्णानं चहा ठेवला. सामना सुरू व्हायच्या आधीच उत्तरेश्वरनं दीपमालाला फोन लावला. ती कोपीसमोर चुलीवर भाकरी करत होती. फोन तिनं दगडाला टेकवून ठेवला असावा, भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"दीपे, खो-खो लागलाय. फायनल हाय."

"आमच्याकडं कुठला टीव्ही, आण्णा. तुमीच सांगा."

मग तो सांगायला लागला. आधी भोंग्यावरच्यासारखा, एवढे गुण, तेवढे गुण. थोड्या वेळानं दीपमाला मधेच म्हणाली, "गुण राहू द्या. सूर कसा मारत्यात ते सांगा."

उत्तरेश्वर टीव्हीच्या आणखी जवळ सरकला. "आंग सगळं आडवं करत्यात. लांबून."

"मातीत?"

"न्हाई, मॅट टाकलीय."

"मग गुडघं फुटत न्हाईत," ती म्हणाली. "खांबावर कोण जातंय का?"

"जातंय. एका हातानं खांब धरून पलीकडं झोकून देतीय."

भाकरीचा आवाज थांबला होता. तिकडं दुसऱ्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, कुणी तरी कुणाला गप बस म्हणालं. दीपमाला म्हणाली, "मीबी तशीच जायचे. डाव्या हातानं."

"म्हाईत हाय मला," उत्तरेश्वर म्हणाला. मग टीव्हीकडं बघतच, आवाज न बदलता तो बोलला, "त्या साली तुला न्यायला नको होतं, दीपे. मला तवाबी कळत होतं."

मनकर्णा चहाची गाळणी हातात धरून उभी राहिली. मला तिथून उठून जावंसं वाटलं. फोनवर भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"धाकट्याला कुणी बघितलं असतं?" दीपमाला म्हणाली. "मी न्हाई तुमाला बोल लावत. मला लई राग आलता, दोन-तीन वर्षं. मग उतरला." पाठोपाठ ती म्हणाली, "पुढं सांगा की, काय झालं?"

आपण अठ्ठ्याहत्तर विरुद्ध चाळीस असं जिंकलो. उत्तरेश्वरनं आकडा सांगितला तेव्हा तिकडच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सगळी टोळी फोनभोवती बसली होती हे तेव्हा कळलं. एका बाईनं फोन हातात घेतला आणि म्हणाली, "आण्णा, असं रोज सांगत जा. हितं आमाला दुसरं काय न्हाई ऐकायला."

तेव्हापासून तो रोज सकाळी पाणी सोडून झाल्यावर टाकीच्या कठड्यावर बसून टोळीच्या ग्रुपवर निकाल बोलून पाठवायला लागला. दोन मिनिटांचं बोलणं. कुठल्या देशात कोण जिंकलं, कोण हरलं, हरलेला कसा खेळला. दुसऱ्या टोळ्यांनीही ते मागवून घेतलं. दिंद्रुडच्या एका मुकादमाचा त्याला फोन आला की कालचं पाठवलं नाही, बायका विचारत आहेत. उत्तरेश्वर त्या दिवशी तापानं झोपला होता. तसाच उठून त्यानं पाठवलं.

एप्रिलअखेर टोळ्या परतल्या. ग्रामसभेत छबुबाई उभ्या राहिल्या. त्या यापूर्वी ग्रामसभेत कधी बोलल्या नव्हत्या.

"सरपंच, आमच्या बाया तिकडं फडात रोज निकाल ऐकत होत्या. आमी गावात राहून बहिऱ्या. ह्यो काय न्याय?"

बाकीच्या बायकाही बोलू लागल्या. मोहनरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग उत्तरेश्वरला म्हणाले, "आधी व्हॉल्व्ह बंद. मग भोंगा. चालतंय?"

"चालतंय, दादा."

"आणि एक. ती फोनवरची बातमी माझ्या ड्रायव्हरच्या मोबाइलवर मी ऐकत होतो. टेनिसचं जरा सावकाश सांगत जा. ती परदेशी नावं समजत न्हाईत."

म्हणून जूनमध्ये टेनिसची फ्रान्समधली फायनल त्यानं अगदी सावकाश सांगितली. दोघं जण साडेपाच तास खेळले, हरता हरता एक जण जिंकला. छबुबाई नळावर घागर लावत म्हणाल्या, "जेवले कवा म्हणायचे?" जुलैत नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या पोरीनं बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकला. समोरचीही आपल्याच देशाची होती. उत्तरेश्वरला कुणाच्या बाजूनं व्हावं ते कळेना. त्यानं दोघींची नावं दोनदोनदा घेतली.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी टोळीचे ट्रॅक्टर निघाले. आदल्या दिवशीच्या क्रिकेटमध्ये आपल्या बायकांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक आणला होता. ट्रॉलीत बसलेल्या बायका भोंग्याकडं कान लावून होत्या. ड्रायव्हरनं निकाल संपेपर्यंत इंजिन बंद ठेवलं. बावन्न धावांनी हे ऐकून घेऊन मगच ते निघाले.

ट्रॉलीत वर्षाराणी नव्हती. दीपमालानं तिला आजी-आजोबांकडं ठेवलं होतं. यावर चर्चा झाली नाही. आदल्या संध्याकाळी तिनं पोरीची शाळेची पिशवी आणून मनकर्णाच्या घरात खुंटीला अडकवली, एवढंच. निघताना वर्षाराणी रडली. उत्तरेश्वरनं तिला टाकीवर नेलं आणि व्हॉल्व्ह फिरवायला लावला.

ती शाळेच्या संघात गेली. डिसेंबरात तालुक्याला सामना होता. उत्तरेश्वर रजा टाकून गेला, मलाही दुकान बंद करायला लावलं. वर्षाराणी चांगली पळाली, पण खांबावर झोकून देताना पडली आणि समोरची निसटली. संघ तीन गुणांनी हरला. परत येताना जीपमध्ये ती आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. गुडघ्याला हळद लावलेली होती.

उत्तरेश्वरनं जीपमध्येच दीपमालाला बोलून पाठवलं. "तीन गुणांनी हरलो. गुडघा फुटलाय थोडा, काळजीचं न्हाई. उजव्या हातानं खांब धरती ती, तिथं चुकतंय. मला दाखवता येत न्हाई, तू फोन कर."

थोड्या वेळानं तिकडून उत्तर आलं. त्यानं फोन कानाला लावून ऐकलं आणि मग माझ्याकडं दिला. दीपमालाचा आवाज होता, मागं कोयत्यांचा आवाज, कुणी तरी हसत होतं. "आण्णा, संध्याकाळी भाकरी झाल्या की करते. तिला जेवून बसायला सांगा. अर्धा तास तरी लागंल."